पडद्यावर राणी, कापडावर जांभळा

सुरतेत वाढलेल्या मराठी मुलांना रंगांच्या दोन बाराखड्या येतात. एक घरातली: डाळिंबी, अबोली, मोरपिशी, चिंतामणी. दुसरी रिंगरोडच्या मार्केटातली: राणी, रामा, गाजरी, फिरोजी, वाइन. आई ज्याला 'गडद गुलाबी' म्हणते त्याला कापडाचा दलाल 'राणी' म्हणतो, आणि दोघांनाही तो रंग डोळे मिटून दिसतो. साडीचं डिझाइन कॉम्प्युटरवर आलं तेव्हा यात तिसरी बाराखडी येऊन बसली. तिच्यात राणीला नाव नाही, तीन आकडे आहेत. लाल इतका, हिरवा इतका, निळा इतका, आणि प्रत्येक आकडा शून्य ते २५५ मधला.

हे आकडे जुन्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर चुकीचे दिसायला लागले तर काय करायचं, यावर हा लेख आहे. विषय थोडा तांत्रिक आहे, पण घाबरू नका. कुणाच्याही हातात सोल्डरिंग गन देणार नाही.

जुना कॉम्प्युटर आता वापरतं कोण, असं तुमच्यातल्या लॅपटॉपवाल्यांना वाटेल. उधना, पांडेसरा, लिंबायत, डिंडोली या भागांत एक चक्कर मारा. डिझाइनचं जॉबवर्क घरून करणाऱ्या मुलामुलींकडे, एम्ब्रॉयडरीच्या खात्यांमध्ये, छोट्या प्रिंटिंग युनिटांमध्ये विंडोज एक्सपीवर चालणारे डबे आजही दिसतात. कारण कंजूषपणा नाही. डिझाइनचं सॉफ्टवेअर महाग असतं आणि त्याच्या जुन्या आवृत्त्या डोंगलशिवाय उघडत नाहीत. हा डोंगल म्हणजे प्रिंटरच्या जुन्या पंचवीस पिनांच्या पोर्टला लागणारी काडेपेटीएवढी डबी. नव्या कॉम्प्युटरला ते पोर्टच नाही. मग डोंगल जिवंत आहे तोवर कॉम्प्युटरही जिवंत ठेवावा लागतो. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ ला थांबवला, पण डोंगलला ते कोण सांगणार?

असाच एक कॉम्प्युटर डिंडोलीत एका ओळखीच्या घरी आहे. काका खूप वर्षांपूर्वी खानदेशातून लूमवर कामाला आले, इथेच स्थिरावले. मुलगी डिझाइन शिकली आणि घरून जॉबवर्क करू लागली. बंद होणाऱ्या एका युनिटमधून कॉम्प्युटर, मॉनिटर आणि डोंगल असा सेट तिने विकत घेतला. काम चांगलं चाललं होतं. मग सीझनच्या तोंडावर एका व्यापाऱ्याने बिलातून पैसे कापले. त्याचं म्हणणं, राणी सांगितला होता, छापून जांभळा आला. तिचं म्हणणं, माझ्या पडद्यावर राणीच आहे, येऊन बघा. दोघंही खरं बोलत होते, हीच गंमत. काकांनी मला फोन केला तो कॉम्प्युटर दाखवायला नाही, तर नवा कॉम्प्युटर हप्त्यावर कुठला घ्यावा हे विचारायला. मी म्हटलं, आधी हा तर बघू दे.

"दादा, व्हायरस असेल का?" हा तिचा पहिला प्रश्न. आपल्याकडे कॉम्प्युटरला सर्दी झाली तरी व्हायरसवर संशय जातो. व्हायरस राणीचा जांभळा करत बसत नाही.

रंग बिघडला की काय बिघडलं हे शोधण्याआधी कुठे बिघडलं हे शोधावं. फाइलमधले आकडे सॉफ्टवेअर वाचतं, विंडोजमार्फत ते ग्राफिक्स कार्डाकडे जातात, तिथून केबलने मॉनिटरपर्यंत, मॉनिटरमधून उजेड होऊन बाहेर आणि खोलीतल्या उजेडात मिसळून आपल्या डोळ्यांत. नळाला गढूळ पाणी आलं तर आपण आधी टाकीत डोकावतो, मग पाइप बघतो, तसंच इथे. साध्या तीन तपासण्यांत बहुतेक वेळा जागा सापडते आणि त्यांना एक पैसा लागत नाही.

पहिली तपासणी स्क्रीनशॉटची. पडद्याचा स्क्रीनशॉट घ्या, पेंटमध्ये पेस्ट करून सेव्ह करा, पेन ड्राइव्हने दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवर किंवा फोनवर उघडा. मोबाइलने पडद्याचा फोटो काढू नका, त्याला काही अर्थ नाही. स्क्रीनशॉट दुसरीकडेही तसाच बिघडलेला दिसला तर दोष फाइलमध्ये, सॉफ्टवेअरमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये आहे. दुसरीकडे ठीक दिसला तर आकडे शाबूत आहेत आणि बिघाड पुढे कुठेतरी, म्हणजे कार्डाच्या शेवटच्या टप्प्यात, केबलमध्ये किंवा मॉनिटरमध्ये आहे.

दुसरी तपासणी मला सगळ्यात आवडते. मॉनिटरच्या कडेला किंवा खाली बटणं असतात, ती दाबली की ब्राइटनेस, कॉन्ट्रास्टचा छोटा मेनू उघडतो. हा मेनू कॉम्प्युटरमधून येत नाही, मॉनिटर तो स्वतःच काढतो. त्यामुळे पडद्यावरचं चित्र पिवळट आणि मेनू मात्र स्वच्छ पांढरा दिसत असेल, तर मॉनिटर निर्दोष आहे, केबल किंवा कार्ड बघा. मेनूही पिवळट असेल तर मॉनिटरच आजारी आहे. केबल काढून टाकली की 'सिग्नल नाही' असा जो संदेश येतो, त्यानेही हेच कळतं.

तिसरी तपासणी कॉम्प्युटर सुरू होतानाची. विंडोज येण्याआधी काळ्या पडद्यावर कंपनीचं नाव किंवा पांढरी अक्षरं येतात. रंग तेव्हाच बिघडलेले असतील तर विंडोजचा काही संबंध नाही. तिथे ठीक आणि विंडोज आल्यावर बिघाड, तर सेटिंग किंवा ड्रायव्हर. तिथेच रंगीत ठिपके, चौकटी, उभ्या रेघा दिसल्या तर ग्राफिक्स कार्ड अखेरच्या घटका मोजत आहे असं समजा आणि त्या दिवशी सगळ्यात आधी डेटाची कॉपी घ्या.

आता केबल. या एका वस्तूवर मी थोडा जास्त वेळ घालवणार आहे, कारण जुन्या कॉम्प्युटरच्या रंगांच्या तक्रारींत ती फार वेळा सापडते आणि दोनेकशे रुपयांत बदलता येते. निळ्या टोकाची, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली व्हीजीए केबल तुम्ही पाहिली असेल. आयबीएमने व्हीजीए १९८७ मध्ये आणलं. तीन ओळींत पंधरा जागा आणि त्यातल्या पहिल्या तीन पिना म्हणजे लाल, हिरवा, निळा. प्रत्येक रंगासाठी एक वेगळी तार, आणि तिच्यातून शून्य ते सुमारे ०.७ व्होल्ट इतका दाब. पूर्ण दाब म्हणजे तो रंग पूर्ण, अर्धवट दाब म्हणजे फिका. इथे मधली अवस्था असते हे लक्षात ठेवा. पिन थोडी गंजली, तार आतून थोडी तुटली, तर रंग पूर्ण जात नाही, मंद होतो. आणि मंद झालेला रंग डोळ्याला पटकन कळत नाही.

पूर्ण गेला तर मात्र कोणता गेला हे पांढऱ्या पानावरून लगेच सांगता येतं. लाल गेला तर पांढरं पान फिरोजी दिसतं. निळा गेला तर पिवळं. हिरवा गेला तर सगळा पडदा राणी. मार्केटच्या भाषेत सांगायचं तर पडदा फिरोजी झाला की पहिली पिन, राणी झाला की दुसरी, पिवळा झाला की तिसरी. कॉम्प्युटर बंद करून केबल काढा आणि पिना उजेडात बघा. एखादी वाकलेली असेल तर संपलेल्या रिफिलच्या टोकाने हळूच सरळ करता येते. मधल्या ओळीत एक जागा रिकामी दिसली तर दचकू नका. नववी पिन बऱ्याच केबलींमध्ये मुळातच नसते. पुन्हा लावताना दोन्ही स्क्रू आवळा. घरोघरी हे स्क्रू मोकळेच असतात, कारण 'परत काढायला लागेल' म्हणून कुणी आवळतच नाही, आणि टेबलाला धक्का लागला की रंग बदलतो.

सुरतेची हवाही यात हातभार लावते. समुद्र जवळ, तापी शेजारी, पावसाळ्यात भिंती ओल्या. तांब्यापितळेच्या टोकांवर काळपट थर चढतो. कॅबिनेटच्या आतलं ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या सोनेरी पट्ट्या पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून परत बसवणं हा उपाय आपल्या रिपेअरवाल्यांना तोंडपाठ आहे, आणि तो चालतो. फक्त आधी वायर सॉकेटमधून काढा, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा आणि रबराचा चुरा आत पडू देऊ नका. एम्ब्रॉयडरी किंवा लूमच्या खात्यात ठेवलेला कॉम्प्युटर असेल तर पंख्यात कापडाचे बारीक तंतू नमद्यासारखे बसलेले सापडतील. त्याने कार्ड तापतं, आणि तापलं की रंगीत ठिपके सुरू. सकाळी ठीक, दुपारी बिघाड, अशी तक्रार असेल तर आधी पंखा बघा. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीच्या पुरात भिजलेले आणि वाळवून पुन्हा चालू केलेले कॉम्प्युटर मी कॉलेजात असताना पाहिले आहेत. त्यांच्यातले काही बरीच वर्षं चालले, पण रंगांच्या तक्रारी त्यांची पाठ सोडत नव्हत्या.

मागे मोठं पोट असलेला जुना काचेचा मॉनिटर कुणाकडे असेल तर त्याचा एक खास आजार सांगतो. पडद्याच्या एका कोपऱ्यात जांभळा किंवा हिरवा डाग, बाकी सगळं ठीक. याचं कारण बहुधा शेजारी ठेवलेला स्पीकर. या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनचे तीन झोत बारीक भोकांच्या पत्र्यातून जाऊन लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांवर पडतात. स्पीकरच्या लोहचुंबकाने पत्रा चुंबकीय झाला की झोत शेजारच्या ठिपक्यावर जातो. मॉनिटर चालू करताना 'थम्म' असा आवाज यायचा आणि चित्र हलायचं, आठवतंय? ते त्याचं स्वतःचं चुंबकत्व उतरवणं. स्पीकर लांब करा आणि मेनूमधला 'डीगॉस' पर्याय एकदा वापरा. लागोपाठ दाबत बसून उपयोग नाही, आतला भाग थंड व्हायला वीसेक मिनिटं द्यावी लागतात. आणि हा मॉनिटर कधीही उघडू नका. आत पंचवीस हजार व्होल्टच्या घरात दाब असतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ मुरलेला राहतो.

तक्रारीचा दुसरा प्रकार असतो तो रंग बदलण्याचा नाही, रंग कमी पडण्याचा. आकाशाच्या निळ्यात पायऱ्या दिसतात, चेहऱ्यावर डाग दिसतात, फोटो जुन्या वर्तमानपत्रासारखा दिसतो. एक्सपी नव्याने टाकल्यावर हे हमखास होतं. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर सापडला नाही की विंडोज कामचलाऊ पद्धतीने चित्र दाखवतं आणि रंग मोजकेच वापरतं. चार बिट म्हणजे १६ रंग, आठ बिट म्हणजे २५६, सोळा बिट म्हणजे ६५,५३६ आणि चोवीस बिट म्हणजे १,६७,७७,२१६. डेस्कटॉपवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सेटिंग्ज, तिथे रंगांची संख्या बदलता येते. मोठी संख्या यादीतच दिसत नसेल तर ड्रायव्हर टाकावा लागेल.

फार जुन्या कार्डांत तर ड्रायव्हर टाकूनही काही वेळा जमत नाही. हिशेब सोपा आहे. १०२४ गुणिले ७६८ म्हणजे ७,८६,४३२ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट लागले तर २३,५९,२९६ बाइट. कार्डावर मेमरी दोन एमबी, म्हणजे २०,९७,१५२. मावतच नाही. म्हणून त्या काळात लोक एक तर रंग कमी करायचे, नाही तर पडदा ८०० बाय ६०० वर आणायचे. आमच्या पिढीतल्या अनेकांना बाइटचा हिशेब पहिल्यांदा इथे कळला, पुस्तकात नंतर भेटला.

डिंडोलीच्या मुलीकडे यातलं काहीच नव्हतं. स्क्रीनशॉट माझ्या लॅपटॉपवर स्वच्छ दिसला. केबल बदलून बघितली, काही फरक नाही. मग मॉनिटरचा मेनू उघडला. तोही पिवळट. मी पडद्यावर कोरं पांढरं पान उघडलं आणि शेजारी तिच्याच फोनवर तसंच कोरं पान. फोनचा पांढरा पांढरा होता, मॉनिटरचा जुन्या पोस्टकार्डासारखा. काका मागून म्हणाले, "हा तर पहिल्यापासून असाच आहे." रोज बघणाऱ्या डोळ्याला तो पांढराच वाटतो. आपला मेंदू पांढऱ्याची सवय करून घेतो, पिवळ्या बल्बखाली बसलो तरी वहीचं पान आपल्याला पांढरंच दिसतं.

त्या मॉनिटरमध्ये पडद्यामागे उजेडासाठी बारीक ट्यूबलाइटसारखे दिवे होते. पहिल्या पिढीच्या सगळ्या चपट्या मॉनिटरांत तेच असत. वर्षानुवर्षं जळून ते मंद होतात आणि त्यांचा उजेड पिवळसर होतो, म्हणजे त्यातला निळा कमी होतो. आता पुढचं बघा. ती राणी रंग भरायची. पडद्यावर निळा कमी पडत असल्याने राणी तिला तांबूस वाटायचा. मग ती निळा थोडा वाढवायची, डोळ्याला पटेपर्यंत. पटला की सेव्ह. पडद्यावर राणी झाला, पण फाइलमध्ये निळा गरजेपेक्षा जास्त गेला. प्रिंटरला पडदा दिसत नाही, त्याला फक्त फाइल कळते. त्याने प्रामाणिकपणे जांभळा छापला.

याचा पुरावा आकड्यांत मिळाला. त्याच व्यापाऱ्याने वर्षभरापूर्वी पसंत केलेली एक फाइल तिच्याकडे होती, दुसऱ्या युनिटच्या कॉम्प्युटरवर बनवलेली. रंग उचलण्याच्या ड्रॉपरने दोन्ही फाइलींतला राणी वाचला. लाल आणि हिरवा जवळपास सारखेच. निळा जुन्या फाइलमध्ये ११०, नव्या फाइलमध्ये १५५. ती बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी पडद्याची चूक फाइलमध्ये दुरुस्त करत होते." याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

उपाय दोन होते. मॉनिटरच्या मेनूमध्ये लाल, हिरवा, निळा वेगवेगळे कमी-जास्त करता येतात. निळा आधीच शंभरावर होता, म्हणून लाल आणि हिरवा खाली आणले. पांढरा बराच पांढरा झाला, पण पडदा मंदावला. दिवसा खिडकीजवळ काम करणं कठीण झालं. त्यामुळे शेवटी मॉनिटर बदलला. फक्त मॉनिटर. कॉम्प्युटर, डोंगल, सॉफ्टवेअर सगळं होतं तसंच. काकांचा नव्या कॉम्प्युटरचा हप्ता वाचला. मॉनिटर घेताना एवढं बघा की तो जरा वरून, खालून, बाजूने पाहिला तरी रंग फारसा पालटत नाही. आयपीएस प्रकारचे पडदे याबाबतीत चांगले. जुने स्वस्त टीएन पडदे खुर्ची थोडी खाली केली तरी वेगळा रंग दाखवतात, शिवाय त्यांतले बरेचसे प्रत्येक रंगाच्या ६४ पायऱ्याच खऱ्या दाखवतात आणि मधल्या छटा ठिपक्यांच्या युक्तीने भासवतात. विंडोज ७ किंवा त्यापुढचं असेल तर रनमध्ये 'डीसीसीडब्ल्यू' ही चार इंग्रजी अक्षरं टाइप करा. रंग जुळवण्याचा कार्यक्रम उघडतो आणि एकेक चित्र दाखवत पुढे नेतो. त्याआधी मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा, थंड मॉनिटरचे रंग स्थिर नसतात.

व्यापाऱ्याने कापलेले पैसे परत दिले नाहीत. पुढचं काम मात्र दिलं आणि या वेळी कापडाचा कटपीस सोबत जोडला. तेवढं बरं झालं. तोंडी 'राणी' म्हणण्यात खरं तर दोघांचाही तोटा असतो. एका डिझाइनच्या चार-सहा मॅचिंग निघतात, प्रत्येकीत चार-पाच रंग. एवढे रंग तोंडी सांगून निभावत नाहीत.

नंतर तिने केलेलं काम मला मॉनिटर बदलण्यापेक्षा मोलाचं वाटतं. प्रिंटिंग युनिटकडून तिने एक शेड चार्ट छापून घेतला. नेहमीच्याच कापडावर, नेहमीच्याच मशीनवर, छोट्या छोट्या चौकोनांत रंग आणि प्रत्येकाखाली त्याचे तीन आकडे. तो कापडाचा तुकडा आता टेबलासमोर भिंतीवर आहे. ती रंग पडद्यावर निवडत नाही, भिंतीवर निवडते आणि आकडा फाइलमध्ये टाकते. असा चार्ट का लागतो, तर पडदा रंग दाखवतो उजेड मिसळून आणि कापड दाखवतं उजेड शोषून. पडद्यावरचे काही भडक निळे, हिरवे कोणत्याच शाईत नाहीत. त्यात सुरतेचं बरंचसं डिजिटल काम पॉलिस्टरवर होतं. आधी कागदावर छपाई, मग साधारण २०० अंश सेल्सिअसच्या उष्णतेने रंग कापडात उतरवायचा. कागदावर तो मळकट दिसतो आणि उष्णता मिळाली की खुलतो. ही उडी कोणताही मॉनिटर आपोआप दाखवू शकत नाही. यासाठी रंगांचे प्रोफाइल असतात. त्यांचे नियम ठरवणारी आयसीसी ही संस्था १९९३ मध्ये स्थापन झाली, आणि आपल्या बहुतेक मॉनिटरांचा, फोनचा एसआरजीबी हा मेळ १९९६ चा, एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मिळून मांडलेला. मोठी युनिटं प्रोफाइल बनवून घेतात. छोट्यांसाठी भिंतीवरचा चार्ट पुरतो.

चार्ट कोणत्या उजेडात बघायचा, हाही प्रश्न आहेच. आपल्या आज्या-आया दुकानात साडी आवडली की ती घेऊन दाराशी जायच्या, बाहेरच्या उजेडात बघायला. दुकानदार वैतागायचे. पण रंगशास्त्र आजीच्या बाजूने आहे. दोन कापडं ट्यूबलाइटखाली एकसारखी दिसतात आणि उन्हात वेगळी, कारण त्यांच्यातले रंगद्रव्य वेगळे असतात. म्हणूनच प्रोसेस हाउसच्या लॅबमध्ये लाइट बॉक्स असतो, त्यात डी ६५ म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा दिवा आणि टीएल ८४ म्हणजे दुकानातल्या ट्यूबसारखा दिवा, दोन्हीखाली नमुना तपासतात. घरी लाइट बॉक्स नसेल तर सकाळी उत्तरेच्या खिडकीपाशी बघा, थेट उन्हात नको. संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली कुठलाही रंग अंतिम करू नका.

जॅकार्डचं काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट सांगायला हवी, कारण त्यांच्याकडे पडद्यावरच्या रंगाचा अर्थच निराळा असतो. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास भोकांच्या पुठ्ठ्यांवर चालणारी विणकामाची यंत्रणा बनवली. आज पुठ्ठ्यांच्या जागी फाइल आली. त्या फाइलमध्ये लाल म्हणजे लाल धागा असं नाही, लाल म्हणजे 'इथे ही वीण घाल' असा हुकूम. त्यामुळे जॅकार्डवाल्याचा मॉनिटर पिवळट असला तरी कापड बिघडत नाही. पण अशी फाइल जेपीजी करून सेव्ह केली की खेळ खलास. जेपीजी जागा वाचवण्यासाठी शेजारचे रंग मिसळतं, दहा रंगांच्या जागी शेकडो मधल्या छटा तयार होतात आणि मशीनला त्यातल्या एकीचाही हुकूम कळत नाही. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं डिझाइन असंच खराब होतं. पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

नव्या कॉम्प्युटरवाल्यांनी हसू नये म्हणून त्यांच्याही दोन गोष्टी. रोज संध्याकाळी पडदा आपोआप नारिंगी होतो आणि सकाळी बरा होतो, ही तक्रार 'नाइट लाइट'ची असते. विंडोज १० मध्ये ती सोय २०१७ पासून आहे. सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. तिचा नारिंगी रंग स्क्रीनशॉटमध्ये येत नाही, त्यामुळे पहिली तपासणी करताना ती बंद आहे ना, हे आधी बघा. आणि अचानक सगळं ब्लॅक अँड व्हाइट झालं तर घरातल्या लहान मुलाकडे बघा. विंडोज, कंट्रोल आणि सी ही तीन बटणं एकत्र दाबली गेली की कलर फिल्टर चालू होतो, त्याची शॉर्टकट सुरू असेल तर. तीच बटणं पुन्हा दाबली की रंग परत.

सगळं तपासूनही भांडण मिटत नसेल, तर डोळे तपासा. हे मी थट्टेने म्हणत नाही. लाल-हिरव्यातला फरक नीट न कळणं हे जन्मजात असतं आणि मुलग्यांमध्ये ते मुलींपेक्षा बरंच जास्त आढळतं, कारण त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. ठिपक्यांतला आकडा ओळखण्याची इशिहारा चाचणी १९१७ पासून वापरात आहे आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ती दोन मिनिटांत होते. कापडाच्या लाइनमध्ये उतरणाऱ्या प्रत्येक मुलाने ती आधीच करून घ्यावी. वडीलधाऱ्यांचं वेगळं. मोतीबिंदू पिकत गेला की डोळ्यातलं भिंग पिवळं होतं, डिंडोलीच्या त्या मॉनिटरसारखंच. ऑपरेशननंतर अनेकांना सगळं निळसर वाटतं आणि ते म्हणतात डॉक्टरांनी काहीतरी गडबड केली. उलट त्यांना तेव्हा बऱ्याच वर्षांनी निळा नीट दिसत असतो.

जुना मॉनिटर बाद झालाच तर तो भंगारवाल्याला फोडायला देऊ नका. मोठ्या पोटाच्या मॉनिटरच्या काचेत शिसं असतं आणि जुन्या चपट्या मॉनिटरच्या बारीक दिव्यांत थोडा पारा. ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडेच तो जाऊ द्या. कॉम्प्युटर मात्र डोंगलसाठी ठेवणार असाल तर त्याची इंटरनेटची वायर काढून टाका आणि हार्ड डिस्कची एक पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घेऊन ठेवा. डिंडोलीत आम्ही ती त्याच रविवारी घेतली. ८० जीबीची डिस्क होती, कॉपी व्हायला दुपार गेली, आणि तोवर काकूंनी शेवभाजी केली होती.